जुनं मातीचं घर पाडून स्लॅब टाकू का? आर्णीकडच्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून बाकीच्यांना कळावं एवढ्यापुरता आधी मांडतो. आर्णी तालुक्यात नाल्यापासून जवळच आजोबांनी बांधलेलं मातीचं घर आहे. दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, सागाच्या मयाली (आडव्या तुळया), वर देशी कवेलू, म्हणजे कौलं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री असा कोसळला की उत्तरेकडची भिंत बसली. घरकुल मंजूर झालंय, वर चारेक लाख स्वतःचे टाकायची तयारी आहे. ठेकेदार म्हणतो, सगळं पाडा, कॉलम उभे करतो, मे महिन्यात स्लॅब टाकून मृगाच्या आत घर ताब्यात देतो. आई म्हणते, स्लॅबखाली मला झोप येणार नाही. घरच्या मंडळींना कवेलू नकोच, कारण माकडं ते फोडतात. आणि तुम्हाला विचारायचंय की उन्हाळा असाच तापत जाणार आणि पाऊस असाच एकदम येणार असेल, तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी बांधायचं कसं.

मी यवतमाळ-वर्धा भागात पंचवीसेक वर्षं घरं बांधतोय. माझ्या मते तुमची आईही बरोबर आहे आणि मंडळीही. ठेकेदार कॉलमच्या बाबतीत बरोबर आहे, मे महिन्याच्या बाबतीत साफ चूक. आणि पैसा कुठं घालायचा याचा क्रम कुणीच सांगितलेला दिसत नाही. तो असा: आधी पायवा (पाया) आणि जोतं, मग छत, मग पश्चिमेची भिंत. त्यानंतर उरेल त्यात टाइल्स, समोरचं एलिव्हेशन, गेट, पीओपी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दर्शनी भागाला ग्रॅनाइट लावलेलं घर आणि आत मे महिन्यात रात्री दहालाही भिंतीला हात टेकवत नाही, अशी घरं दारव्हा-दिग्रसकडे कितीही दाखवतो.

हवामानाबद्दल थोडं बोलतो, कारण डिझाइन त्यावरच ठरतं. ऊन आपल्याला नवीन नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४६-४७ ही काही नवी गोष्ट नाही. (मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश अशी बातमी फिरली होती, ती सोडून द्या, तो सेन्सरचा बिघाड निघाला.) घरासाठी मोठा बदल रात्रीचा आहे. पूर्वी दिवस कितीही तापला तरी रात्री अकरानंतर अंगणात बाजेवर गारवा लागायचा. रात्रच गार होत नसेल, तर दिवसभर तापलेली भिंत आणि स्लॅब रिकामे व्हायला वेळ मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची उष्णता त्यावर चढते. पावसाचं म्हणाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी काढून दाखवलं, की मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच दिवशी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तुमच्याच जिल्ह्यात २२ जुलै २०२३ ला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं आणि लोकांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. म्हणजे एकाच घराला एप्रिल-मे महिन्यात कोरड्या भाजणाऱ्या उन्हाचा, जून-जुलैत दमट उकाड्याचा आणि मग तासाभरात महिनाभराचं पाणी ओतणाऱ्या पावसाचा सामना करायचा आहे. फक्त उन्हासाठी बांधलेलं घर पावसात मार खातं, फक्त पावसासाठी बांधलेलं उन्हात.

आता पायवा. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरं इथंच फसतात.

तुमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात, त्यात तुरीची काडी सोडली तर हातभर सहज जाते. तीच माती पाऊस पिऊन फुगते आणि वर उचलते. दर वर्षी हे चालतं. घराच्या कडेची माती जास्त सुकते-भिजते, मधली कमी, म्हणून कडा वर-खाली होतात आणि भिंतीत जिन्यासारखी तिरपी भेग जाते, बहुतेक खिडकीच्या कोपऱ्यातून. आता कोरडे दिवस लांबले आणि पाऊस एकदम येऊ लागला, की हे आकसणं-फुगणं आणखी जोरात होतं. पूर्वी तीन फुटांचा पायवा ज्या जमिनीवर तग धरायचा, तिथं आता भेगा दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. जुन्या मातीच्या घराला याचा त्रास कमी व्हायचा, कारण माती वाकते, भेग बुजवता येते. कॉलम-बीमचं घर वाकत नाही, तडकतं.

म्हणून ठेकेदारानं 'चार फूट खोदू' म्हटलं तर मान डोलावू नका. काळ्या मातीचा थर किती जाड आहे ते आधी पाहा. पाच-सहा फुटांत मुरूम लागत असेल तर तुमचं नशीब चांगलं. काळी माती पूर्ण पार करून फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) मुरमावर टेकवायची, काळ्या मातीवर अजिबात नाही. मुरूम दहा-बारा फुटांवरही लागत नसेल, तर अंडर-रीम्ड पाइल हा खात्रीचा उपाय. रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं तो काळ्या मातीसाठीच विकसित केला. साधारण साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी त्याच्या व्यासाच्या अडीचपट फुगवटा, आणि सगळ्या पाइलवर बीम. साडेतीन मीटरच्या खाली मातीची ओल ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही, त्यामुळे पाइल तिथं पकडून बसते. अडचण अशी, की गावच्या मिस्त्रीला हे जमत नाही. ऑगर (जमिनीत भोक पाडायचा गिरमिट) घेऊन येणारी टोळी मोठ्या शहरातून बोलवावी लागते, आणि एकाच घरासाठी ती यायला मागत नाही. गावात दोन-तीन घरकुलं मंजूर असतील तर एकत्र बोलवा, परवडतं.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट कायम: प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरचा बीम, काळ्या मातीवर टेकवू नका. बीमच्या खाली तीन-चार इंच मोकळं ठेवा, दोन्ही बाजूंनी विटेचा आडोसा करून, म्हणजे माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, बीमला उचलणार नाही. मिस्त्री हमखास विचारेल, 'साहेब, बीम हवेत ठेवायचा का?' हो, हवेतच ठेवायचा. आणि जोत्यात भरायला खोदलेली काळी माती वापरू नका. ती फुकट पडलेली असते म्हणून सगळे तीच भरतात आणि मग दोन पावसाळ्यांत फरशी फुगते. मुरूम विकत आणा, सहा-सहा इंचांचे थर करून पाणी मारून धुम्मसानं दाबा.

घराभोवती तीन-चार फुटांचा फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. दिसायला काही नाही, पण पायव्याजवळची माती एकसारखी ओली-कोरडी ठेवण्याचं सगळ्यात स्वस्त काम हेच. आणि न्हाणीचं पाणी! मी पाहिलेल्या तडकलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांत भेग न्हाणीच्या कोपऱ्यातूनच सुरू झालेली असते. पाइप भिंतीबाहेर हातभर काढून सोडून दिलेला असतो, बारा महिने एकच कोपरा ओला. शोषखड्डा घरापासून पंधरा-वीस फूट लांब घ्या आणि तो मुरमापर्यंत जाऊ द्या. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा काही शोषत नाही, फक्त डास पाळतो.

जोत्याची उंची हा दुसरा मुद्दा, आणि यात पावसाइतकाच ग्रामपंचायतीच्या रस्त्याचा हात आहे. गावातला सिमेंट रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवीन टाकतात. प्रत्येक वेळी सहा-आठ इंच वर. दहा-पंधरा वर्षांनी घराचं जोतं रस्त्याच्या खाली जातं आणि पहिल्या मोठ्या पावसाला रस्त्याचं पाणी थेट सपरीत, म्हणजे ओसरीत. म्हणून जोतं आजच्या रस्त्यापासून किमान अडीच-तीन फूट घ्या. तुमचं घर नाल्याजवळ आहे, तर नाल्याचं पाणी आजवर सर्वात वर कुठं आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्याच्यावर दोन फूट धरा. नाल्याच्या पात्रातच अतिक्रमण झालं असेल तर जुनी खूणही कमी पडेल, हे लक्षात ठेवा. पायऱ्या वाढतात म्हणून आईंना त्रास होईल, तर एका बाजूला उतार करा, कठडा लावा.

छताकडे येतो.

साधा साडेचार-पाच इंची स्लॅब मे महिन्यात वरून साठ अंशांच्या पुढे तापतो. त्या जाडीतून उष्णता खाली यायला तीनेक तास लागतात. म्हणजे दुपारी दोनला वर जे तापलं ते संध्याकाळी पाचला तुमच्या डोक्यावर, आणि रात्री उशिरापर्यंत तो ते सोडत बसतो. तुमच्या आजोबांच्या भिंतीला हाच प्रवास करायला दहा-बारा तास लागतात, तोवर पहाट होते. आई स्लॅबखाली झोप येणार नाही म्हणतात त्याचं कारण हे. घरांसाठीच्या इको निवास संहितेत छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे; उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत घेतो. म्हणजे स्लॅब टाकायचाच असेल तर तो उघडा ठेवायचा नाही.

टिनाची गोष्ट वेगळी. टिन सकाळी नऊपासूनच भाजायला लागतं, पण रात्री लवकर गारही होतं. नुसत्या टिनाखाली दिवसा राहणं अशक्य. तरी बऱ्याच जणांनी माकडांना कंटाळून मातीच्या भिंतींवरचे कवेलू उतरवले आणि टिन टाकलं. त्यांचं मी समजू शकतो. एक वानरांची टोळी छपरावरून एकदा गेली की शंभरेक कवेलू फुटतात, दर मे महिन्यात कवेलू फेरायला आता माणूस मिळत नाही, आणि देशी कवेलू करणारे कुंभारही राहिले नाहीत. 'मातीचं घर थंड, कवेलू थंड' असं शहरातून येऊन सांगणं सोपं आहे. सेवाग्रामची बापूकुटी दाखवून तर सगळेच सांगतात. कुटी खरोखर थंड आहे, गांधीजी १९३६ साली तिथं आले तेव्हा आसपास मिळणाऱ्या माती-बांबू-कवेलूतूनच हे बांधकाम झालं. पण तिची निगा राखायला आश्रम आहे. तुमच्याकडे पेरणीच्या तोंडावर तेवढा वेळ कुणाला आहे?

म्हणून माझा सल्ला: पुढच्या भागाला स्लॅब, पण दुहेरी सावलीचा. मागचा मातीचा भाग, ज्याच्या तीन भिंती शाबूत आहेत, तो पाडू नका. त्याबद्दल पुढे सांगतो.

स्लॅबवर तीन गोष्टी करता येतात, खर्चाच्या चढत्या क्रमानं. पहिली, चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, थोडं पांढरं सिमेंट आणि फेविकॉल मिसळून ब्रशनं दोन-तीन हात मारा. होळी झाली की लगेच. पावसाळ्यात तो धुतला जातो, म्हणून दर वर्षी करावा लागतो, पण एका दुपारचं काम आहे आणि आतल्या तापमानात दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं, त्याचा गाभा हाच आहे. फक्त स्लॅबवर धूळ आणि शेवाळ साचू दिलं तर पांढरेपणा जातो आणि उपयोगही.

दुसरी, ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक. पाणीही थांबतं, उष्णताही. पण चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं, ते इंजिनिअरनं स्लॅबच्या हिशोबात आधीच धरलेलं हवं. स्लॅब टाकून झाल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून कोबा टाकू नका.

तिसरी, स्लॅबवर सात-आठ फूट उंच टिनाचा शेड, चारही बाजूंनी मोकळा. गावात लोक तो तूर-सोयाबीन वाळवायला, कापूस ठेवायला करतात, घरासाठी त्याची सावली बोनस. ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही आणि मधून वारा वाहतो. माझ्या मते तुमच्यासारख्या शेतकरी घराला हाच सर्वात उपयोगी. मात्र वादळ. नागपूरसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. वारा टिनाला वरून दाबत नाही, कडेला उचलतो. टिनावर दगड ठेवून काही होत नाही, उलट ते दगडच खाली येतात. खांबांच्या बेस प्लेटचे बोल्ट स्लॅब टाकतानाच कॉलमच्या डोक्यावर बसवून घ्या, नंतर ड्रिल करून नाही. कडेच्या पत्र्यांना मधल्यापेक्षा दुप्पट स्क्रू किंवा जे-हुक, आणि पत्रा आधाराबाहेर फूटभरापेक्षा जास्त नको. पुढे वरचा मजला काढू म्हणून सळाखी उघड्या सोडायची पद्धत आहे, त्या गंजतात आणि गंज खाली कॉलममध्ये उतरतो. सोडायच्याच असतील तर सिमेंटचा घोल मारून पाइपनं झाका.

तुमच्या जुन्या कवेलूंचा एक उपयोग राहतोच: फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात, जिथं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथं सळाखींच्या चौकटीत कवेलूंच्या जोड्या ठेवायच्या. काँक्रीट वाचतं, पोकळीमुळे थोडी उष्णताही अडते. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं भाजलेल्या मातीच्या पोकळ नळ्यांची कमानी छपरंही करून दाखवली आहेत. पण असं काही करायचं तर ते आधी केलेला मिस्त्रीच हवा. नवशिक्याच्या हातून फिलर स्लॅब करून घेण्यापेक्षा साधा स्लॅब आणि चुना बरा.

पाणी स्लॅबवरून उतरवायचं कसं, याकडे कुणी बघत नाही. पाचशे चौरस फुटांच्या स्लॅबवर तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं. तीन इंची एकच पाइप, त्याच्या तोंडाशी लिंबाची पानं अडकलेली, आणि चहूबाजूंनी पॅरापेट (गच्चीचा कठडा): स्लॅबचा हौद झालाच. चार इंची दोन पाइप, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि पॅरापेटमध्ये स्लॅबपासून तीनेक इंचांवर एक उघडं भोक, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी बाहेर पडेल. ते पाणी विहिरीत किंवा टाक्यात न्यायचं असेल तर गाळणखड्ड्यातून न्या, आणि पायव्यापासून लांब.

स्लॅब मे महिन्यात टाकू नका, हे मी आधी म्हणालो. आयएस ७८६१ हे मानक सांगतं, ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये. दुपारच्या उन्हात पडलेली गिट्टी, तापलेलं मिक्सर, टाकीतलं गरम पाणी, मग हे कसं साधणार? वरचं पाणी उडून जातं, स्लॅबवर त्याच दिवशी केसासारख्या भेगा येतात आणि जुलैत त्यातूनच ठिपकतं. वर तुमच्याकडे मे महिन्यात विहिरी तळाला, टँकरवर गाव. तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कुठून आणणार? बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, आहे, त्याला कोरड्या उन्हात चौदा दिवस तरी पाणी हवं. दसऱ्यानंतर पायवा, कापसाचे पैसे हातात आले की डिसेंबर-जानेवारीत भिंती, फेब्रुवारीत स्लॅब. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांचे फोटो चढवल्यावर येतात, त्यामुळे पायव्याचा फोटो दिवाळीतच चढेल असं बघा. मजूरही वाचतात. ४५ अंशांत स्लॅबवर सळाखी बांधणाऱ्या पोरांचे हात कधी पाहिलेत? काही कारणानं उन्हाळ्यातच टाकावा लागला तर पहाटे चारला सुरू करून नऊला संपवा, गिट्टीवर आदल्या रात्री ओलं पोतं टाका, आणि स्लॅब घट्ट होताच वर पाण्याचे वाफे करा.

भिंती आणि खिडक्या थोडक्यात. घराचा लांब अक्ष पूर्व-पश्चिम, म्हणजे मोठ्या भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला. पश्चिमेला झोपायची खोली नको. जिना, न्हाणी, धान्याची खोली तिकडे. दक्षिणेला दोन-अडीच फुटांचा सज्जा. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला सज्जा पुरत नाही, तिथं मांडव हवा. पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) मांडव आणि त्यावर दोडक्याचा वेल, याला काही खर्च नाही. फ्लाय ॲशच्या विटा कोराडी-चंद्रपूरच्या राखेमुळे आपल्याकडे स्वस्त आणि सरळ मिळतात, जरूर वापरा, पण त्या घर थंड ठेवतात हा गैरसमज आहे. रॅट ट्रॅप बाँडमध्ये विटा उभ्या लावल्यानं भिंतीत पोकळी राहते आणि विटाही वाचतात. त्याला मापात असलेली वीट लागते, म्हणून भट्टीच्या वाकड्या विटांपेक्षा फ्लाय ॲशच्या विटेत तो चांगला बसतो. निदान पश्चिमेची भिंत तशी करून घ्या.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी अर्धीच उघडते, आणि काळी काच तापते. लाकडी किंवा पत्र्याच्या झडपांची, पूर्ण उघडणारी खिडकी घ्या. दुपारी सगळं बंद, संध्याकाळी सातनंतर सगळं उघडं, छताजवळ समोरासमोर झरोके. जून-जुलैत कूलर फक्त ओल वाढवतो, तेव्हा हे झरोके आणि पंखाच कामाचे. एप्रिल-मे महिन्यात कूलर लावाल तेव्हाही समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर तोही गार करत नाही. कूलरमुळे दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं शॉक लागून मरतात. घराला व्यवस्थित अर्थिंग आणि तीस मिलीअँपियरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच), यात काटकसर करू नका.

झाडाबद्दल एक गंमत सांगतो. सगळे म्हणतात पश्चिमेला झाड लावा, आणि कुणीतरी साग लावतो. साग ऐन मे महिन्यात नागडा असतो. कडुनिंबाला मात्र त्याच वेळी भरगच्च पालवी असते. पण काळ्या मातीत कडुनिंब पायव्याजवळ लावला तर मुळं ओल ओढून घेतात, आणि तीच भेग येते जिच्यापासून आपण पळतोय. झाड पूर्ण वाढलं की जेवढं उंच होईल, तेवढं अंतर ठेवा.

आता मागचा मातीचा भाग. तुमची उत्तरेची भिंत पावसानं पडली असं दिसत असलं तरी तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन गोष्टी दिसतात. भिंतीच्या डोक्यावर कवेलू फुटलेले, म्हणजे पाणी वरून आत मुरत होतं. आणि बाहेरून सिमेंटचं प्लास्टर. मातीच्या भिंतीवर सिमेंट म्हणजे आतली ओल कोंडणं. भिंत आतून चिखल होते आणि प्लास्टर उभं राहतं, तोवर कळत नाही. ते सिमेंट खरवडून काढा. पडलेल्या भिंतीचा खालचा दोन-अडीच फूट भाग दगड किंवा पक्क्या विटेत उचला, वर पुन्हा मातीच. बाहेरून माती-भुसा-शेणाचा गिलावा, त्यावर चुना. छताला खाली टिन, वर निवडक जुने कवेलू. पाणी टिन अडवतं, ऊन कवेलू अडवतात, आणि माकडानं चार फोडले तरी घरात गळत नाही. मंडळींना हे पटेल असं वाटतं. टिनाखाली बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून ठोकले तर आणखी बरं. सागाच्या मयाली तपासा. टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं वाळवी असते. टोकाला सुरी खुपसून बघा, दोन इंच आत गेली तर ती मयाल बदला, नाही तर त्या अजून दोन पिढ्या चालतील. आईंची खोली हीच करा. फक्त या जागेचा घरकुलाच्या नोंदीत कसा उल्लेख करायचा ते ग्रामसेवकांना आधी विचारून घ्या, नंतर हप्ता अडकायला नको.

पैशाचं गणित तुम्ही मांडलंय त्यात बदल सुचवतो. घरकुलाचे १ लाख २० हजार, रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार, आणि राज्यानं २०२५ मध्ये जाहीर केलेली ५० हजारांची वाढ, ज्यातले १५ हजार सोलरसाठी आहेत. घरकुलात किमान २५ चौरस मीटर बांधावं लागतं. ठेकेदारानं तुम्हाला साडेसहाशे चौरस फुटांचा नकाशा दिलाय. या पैशात एवढं होईल, पण पायवा चार फुटांचा आणि स्लॅब उघडा राहील. साडेतीनशे-चारशे फुटांवर या, मागची मातीची खोली धरून जागा पुरते, आणि वाचलेल्या पैशात पायवा आणि वरचा शेड नीट होतो. पुढं सोयाबीन चांगलं आलं तर एक खोली वाढवायला कुणी अडवलेलं नाही.

नकाशा बदलण्याआधी दोन कामं करा. घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत, बाहेरच्या बाजूनं, खड्डे खोदा आणि मुरूम किती फुटांवर लागला ते मोजा. एकाच ठिकाणी खोदू नका, नाल्याकडे थर जाड असतो. आणि तीन फूट खालची मूठभर माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीनं चाळा. दोन सारख्या अरुंद काचेच्या बाटल्या घ्या, दोन्हीत दोन-दोन चमचे माती, एकीत रॉकेल, एकीत साधं पाणी, काडीनं ढवळून एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली तिच्या दीडपट किंवा जास्त चढलेली दिसली तर ही माती फार फुगणारी आहे. खड्ड्यांची मापं आणि बाटल्यांचा फोटो पाठवा, मग फुटिंग की पाइल आणि किती खोल, ते नक्की सांगता येईल.